फाइविश, त्सिपाचा मुलगा

फाइविश आजोबा जेरुसलेममध्ये वारले आणि त्यांचं नाव मोकळं झालं. हे वाक्य वाचून झालं असेल तर आता ते विसरायचं आहे. स्मोरोव्हित्स गावच्या ज्यू ब्रशवाल्यांच्या घरात असं काही कधी घडलंच नाही, असं त्या मंगळवारी एकमतानं ठरलं. आणि या घरात एकमत इतक्या वर्षांनी झालं होतं की ते मोडायला माणूस निर्लज्जच असावा लागेल.

मंगळवारी सकाळपर्यंत मात्र आजोबा रीतसर मेलेले होते. मुळात ते मरायलाच गेले होते. एकुलता मुलगा आधीच गेलेला, कारखाना सुनेनं, म्हणजे स्लोव्हानं, ताब्यात घेतलेला, आणि ब्रशांसाठी दिवसभर डुकराचे केस विंचरायचे पण डुकराचं नाव निघालं की थुंकायचं, या धंद्याचा त्यांना वीट आलेला. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मी पवित्र भूमीत जाऊन मरणार." गावातले भाविक म्हातारे अधूनमधून जातच असत. तिथल्या मातीत पुरलेला माणूस जगाच्या शेवटच्या दिवशी जागच्या जागी उठून उभा राहतो. बाकीच्यांना जमिनीखालून गडगडत तिथवर यावं लागतं. आजोबांना तर साध्या घोडागाडीतही मळमळायचं. स्लोव्हानं त्यांना अडवलं नाही. तिनं शिदोरी बांधून दिली, आणि ती जरा घाईनंच बांधली.

काही वर्षांनी तिकडच्या अनाथाश्रमासाठी वर्गणी मागत फिरणारा एक इसम गावात आला. त्याला विचारलं, "आमच्या फाइविश ब्रशवाल्यांचं काय?" घरच्यांच्या चेहऱ्याकडे बघून, आणि समोरच्या सूपाकडे बघून, तो म्हणाला, "वारले. फार छान वारले." जास्त चौकशी कुणी केली नाही. माणूस मरायला गेला आणि मेला, यात विचारण्यासारखं काय होतं? सात दिवस जमिनीलगत बसून सगळ्यांनी सुतक पाळलं, आणि आठव्या दिवशी नावावरून भांडण सुरू झालं.

कारण नाव आता मोकळं होतं. जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवायचं नाही, हे स्मोरोव्हित्समधल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. एका घरात एकाच नावाची दोन जिवंत माणसं असली की मृत्यूदूताचा गोंधळ उडतो, आणि मृत्यूदूत काही चुकून नेलेलं परत आणून देत नाही. मेलेल्या माणसाचं नाव मात्र मोठ्या मानाचं. स्लोव्हाची थोरली सून ब्रायना हिनं ते नाव आपल्या होणाऱ्या मुलासाठी धरूनच ठेवलं होतं. तिला तीन मुली झाल्या. दर वेळी ती बाळाकडे असं बघायची, जणू पोरीनं रांगेत मध्येच घुसून दुसऱ्याची जागा बळकावली आहे. आता ती चौथ्यांदा पोटुशी होती, आणि तेवढ्यात धाकट्या सुनेला, त्सिपाला, मुलगा झाला.

"मुलगा झाला म्हणून काय लगेच नाव उचलायचं?" ब्रायना बाळंतिणीच्या उशाशी बसून म्हणाली होती. "थोरली जाऊ पोट घेऊन समोर बसली आहे, हे दिसत नाही का गं धाकटे? तुझ्या बापाकडचे कुणी मेलेले नाहीत का?"

मेलेले होते. त्सिपाकडे मेलेल्यांची काही कमी नव्हती. पण तिचं पहिलं मूल आठवा दिवस उजाडायच्या आत गेलं होतं, आणि नाव आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी ठेवत असल्यामुळे त्याच्या आत गेलेल्या मुलाला घरात कुणी नावानं ओळखत नाही. त्याचा विषय निघाला तर, म्हणजे निघायचा नाहीच, पण निघालाच तर सासूबाई म्हणायच्या, "ते मागचं." या खेपेला त्सिपाला नाव हवं होतं, आणि ते साधंसुधं नको होतं. तिनं चार दिवस काही खाल्लं नाही. तिच्या न खाण्यापेक्षा त्यामुळे वाया जाणाऱ्या कोंबडीच्या सूपानं स्लोव्हाचं मन द्रवलं. नाव त्सिपाला मिळालं.

तर मंगळवारी सकाळी सुंतेला पुरुष मंडळी पुढच्या खोलीत जमली आणि त्सिपा तिथंच एका कोपऱ्यात पडद्याआड पडून ऐकत होती. पडदा जुना होता. त्याला एक भोक होतं आणि ते बरोबर तिच्या डोळ्याच्या उंचीवर होतं, हा काही योगायोग नव्हता.

थोरला दीर नोसन, म्हणजे ब्रायनाचा नवरा, बोलत होता. नोसन दोन हिवाळे वॉर्सात राहून चष्मा आणि तुच्छता घेऊन परतला होता. चष्मा पुढं फुटला.

"तुम्ही त्या पोराचं नाव कुणावरून ठेवताय, माहीत आहे का? फिबस! ग्रीकांचा सूर्यदेव. फिबसचं झालं फाइबस, आणि फाइबसचं फाइविश. मूर्तिपूजकांचा देव हो, रब्बी. अंगावर चिंधी नाही आणि भर दुपारी रथ हाकतोय."

"आपल्या घरात तसं कुणी फिरत नाही," स्लोव्हा दारातून म्हणाली.

रब्बी तोद्रेस सुरीला धार लावत होते. गावचे रब्बीही तेच आणि सुंता करणारेही तेच, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालताना लोक जरा बेतानं घालत. "नोसन," ते म्हणाले, "प्रार्थनाघरात ज्याला श्रागा म्हणून बोलावतात, त्याला घरी जेवायला फाइविश म्हणून बोलावतात. श्रागा म्हणजे दिवा. दिव्याच्या जोडीला उजेडाचं नाव लावलं, तर लावलं. मात्र दुसरंही एक मत आहे. पश्चिमेकडे आपल्या लोकांत ज्याचं पवित्र नाव हायिम, म्हणजे जीवन, त्याला बाहेरचे लोक आपल्या लॅटिनमध्ये व्हिवुस म्हणायचे. व्हिवुस म्हणजे जिवंत. ते लोक हाकलले गेले, इकडे आले, आणि वाटेत नाव झिजत झिजत फाइविश झालं."

"म्हणजे नक्की काय? सूर्य, दिवा की जिवंत?" नोसननं विचारलं.

"सुरी हातात असताना मला निवड करायला लावू नकोस."

पडद्याआड त्सिपानं सूर्य आणि दिवा दोन्ही सोडून दिले. तिला एवढंच पाहिजे होतं: जिवंत.

मग सगळं रीतीप्रमाणे झालं. स्लोव्हानं बाळाला उशीवर घेऊन पडद्याबाहेर नेलं. संदेष्टा एलियाहू प्रत्येक सुंतेला अदृश्य रूपानं हजर असतो, म्हणून त्याच्यासाठी मांडलेल्या रिकाम्या खुर्चीवर बाळाला क्षणभर टेकवलं, उचललं. बाळ एकदाच, पण पुष्कळ दिवस पुरेल असं किंचाळलं. रब्बी म्हणाले, "आणि इस्राएलात याचं नाव श्रागा फाइविश, गेत्सलचा मुलगा, असं घेतलं जावो." सगळे म्हणाले, "आमेन." त्सिपाही म्हणाली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं मान उशीवर पूर्ण टेकली.

तेवढ्यात दार उघडलं.

आत एक म्हातारा आला. पांढरी दाढी पोटापर्यंत, डगल्यावर अनेक देशांची धूळ, हातात काठी. तो कुणाकडे न बघता सरळ चालत आला आणि एलियाहूच्या खुर्चीवर बसला.

"कुठून येणं झालं?" रब्बींनी हळूच विचारलं.

"जेरुसलेमहून," म्हातारा म्हणाला.

सर्वात आधी गुडघे टेकले ते नोसननं. वॉर्सात तो कशावरच विश्वास ठेवत नसे. त्यानं म्हाताऱ्याच्या डगल्याची कड ओठाला लावली आणि रडत रडत म्हणाला, "प्रभो, ते फिबसचं मी गमतीनं म्हणालो."

"हेरिंग मासळी आहे का?" म्हाताऱ्यानं विचारलं. "आणि हे बोंबलतंय कोण?"

तो आवाज ऐकताच स्लोव्हाच्या हातातली उशी गळाली. बाळ गेत्सलकडे होतं म्हणून बरं. "मामंजी!" ती ओरडली. बेशुद्ध पडायचं तिच्या मनात होतं, पण फरशी सकाळीच धुतलेली आणि अजून ओली होती.

"तुम्ही मरायला गेला होता ना?" नोसन उठून गुडघे झटकत म्हणाला. त्याच्या आवाजात फसवल्या गेलेल्या भक्ताचा संताप होता.

"गेलो होतो. पण तिथं मरायची काही सोय नाही. जो तो मरायलाच आलेला. खोलीत आम्ही सगळे म्हातारे, एकेक जण पुढं गेला, मीच मागं. अंजीर खाऊन माझी गुडघेदुखी थांबली. शेवटी घरमालकीण म्हणाली, आजोबा, दुसरीकडे बघा, तुमच्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकांना आशा वाटायला लागते." आजोबांनी हेरिंगचा तुकडा तोंडात टाकला. "बरं, पोराचं नाव काय ठेवलंत?"

सगळे रब्बींकडे बघायला लागले. रब्बी सुरी पुसायला लागले. ती आधीच पुसून झाली होती.

"गेत्सल, तू सांग," स्लोव्हा म्हणाली. "मूल तुझं आहे."

गेत्सल हा त्सिपाचा नवरा. जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं, त्यामुळे स्वतः बोलायची वेळ आली की त्याला आधाराला कुणी उरत नसे. "आजोबा, तुमच्याच आठवणीत... आठवणीत म्हणजे, प्रेमानं... फाइविश."

"माझं? मी ते इथं विसरून गेलो होतो का रे? अंगावर घालून गेलो होतो!"

"तुम्ही वारला होता, आजोबा."

"कोण म्हणालं?"

"एक जण."

"आणि तुम्ही मान्य केलंत? हरकत कुणीच घेतली नाही? एकानंही?"

सगळे प्रामाणिकपणे आठवायला लागले. नाही, हरकत अशी कुणी घेतली नव्हती.

"काढा ते नाव," आजोबांनी काठी आपटली. "आता, माझ्यादेखत. दूत येईल फाइविशला न्यायला, आणि दोघांत पिकलेला कोण दिसेल त्याला? मी अंजीर खाऊन टिकलो ते काय या पाळण्यासाठी?"

इथे ब्रायना पुढं सरसावली. नाव बाळावरून निघालं तर आजोबांच्या मागं ते पुन्हा मोकळं होणार, हा हिशेब तिच्या चेहऱ्यावर लोण्यासारखा पसरला. "बरोबर आहे आजोबांचं! जिवंत माणसाचं नाव चोरायचं म्हणजे काय! आजोबा, मधाचा केक घ्या. पाठीला उशी देऊ?"

"दे. आणि माझी मागची खोली झाडून ठेव. मी आता कुठं जात नाही."

मागच्या खोलीत नोसन आणि ब्रायना आपल्या तीन मुलींसह राहत होते. ब्रायनाच्या हातातला केक वाटेतच थांबला. मग तो हळूहळू मागं फिरला आणि ताटलीत जाऊन बसला.

"पण रब्बी," ती म्हणाली, "आशीर्वादात घेतलेलं नाव असं काढता येतं का हो? बिचारं लेकरू! मला वाटतं आजोबांनी परत जाऊन ते काम पुरं करावं. अर्धवट सोडलेलं बरं नव्हे."

"आगबोट वसंतात सुटते," नोसन मदतीला आला.

"मी शिदोरी बांधते," स्लोव्हा म्हणाली. कारखाना कुणाच्या नावावर आहे हे तिला आत्ताच आठवलं होतं.

"मलाही तसंच वाटतं," गेत्सल म्हणाला.

"तुला काय वाटतं?" आजोबांनी डोळे वटारले.

"तुम्ही म्हणाल तसं, आजोबा."

पडद्याआडून त्सिपा बघत होती. या सगळ्यांत बाळाकडे बघणारा एकही नव्हता. ते गेत्सलच्या हातात कुणाच्यातरी विसरलेल्या टोपीसारखं होतं. पहिल्याच्या वेळी दूताला कुठलंही नाव विचारावं लागलं नव्हतं. या खेपेला तो नाव घेऊन येणार, आणि नाव बरोबर निघणार.

"एक शब्द वाढवू," रब्बी म्हणाले, आणि मानाचं 'रेब' लावून आजोबांकडे वळले. "आजारी माणसाला आपण जादा नाव देतो, तसं. रेब फाइविश, तुम्हाला 'गिंपल' जोडला तर?"

"एक्याऐंशी वर्षं फाइविश म्हणून काढली आणि आता गिंपल होऊ? वर माझी बायको मला ओळखेल का?"

"मग बाळाचंच बदलू. नुकतंच ठेवलंय, अजून बसलेलं नाही."

"नाही," पडद्याआडून आवाज आला.

सगळे पडद्याकडे वळले. पडद्याला मत असतं हे त्यांना नवीन होतं.

"एकदा घेतलेलं नाव काढून घ्यायचं नाही," त्सिपा म्हणाली. "माझं एक बिननावाचं गेलंय. हे जिवंत राहणार आहे, त्याचं नावच तसं आहे."

"अगं ए, बाळंतिणीनं गप पडावं," स्लोव्हा म्हणाली.

रब्बींना एकाएकी काहीतरी सुचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "थांबा! आपण उगाच घाबरतोय. वरच्या दरबारात माणूस बापाच्या नावानं ओळखत नाहीत. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आपण आईचं नाव घेतो, हो ना? बाप कोण हे लोक सांगतात. आई कोण हे दिसतं. दूताच्या हुकुमावर नुसतं 'फाइविश' नसतंच. 'फाइविश, अमकीचा मुलगा,' असं असतं. संपला घोटाळा! रेब फाइविश, तुमच्या मातोश्रींचं नाव?"

"त्सिपा," आजोबा म्हणाले. "देव तिला शांती देवो."

"छान. आणि बाळाची आई, गेत्सल?"

"ही," गेत्सलनं पडद्याकडे बोट केलं.

"ही कोण? नाव?"

गेत्सलनं छताकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. स्लोव्हानं ब्रायनाकडे पाहिलं. ब्रायना म्हणाली, "ओठावर आहे अगदी."

"त्सिपा," पडदा म्हणाला.

रब्बी खाली बसले. फाइविश, त्सिपाचा मुलगा: एक्याऐंशी वर्षांचा. फाइविश, त्सिपाचा मुलगा: आठ दिवसांचा. हुकूम एक आणि तो दोघांनाही टाक्यासकट बसत होता. इतका नीटनेटका अनर्थ या गावात पूर्वी कुणाच्या वाट्याला आला नव्हता, आणि नोसनला त्याचा थोडासा अभिमानही वाटल्याचं दिसलं.

मग जो तो ओरडायला लागला. आजोबा म्हणाले आपल्या आईला आता हात लावता येणार नाही, ती कबरीत आहे. ब्रायना म्हणाली मग आजोबांनीही तसं असायला काय हरकत होती. स्लोव्हा सुनेला म्हणाली की तू ते सूप त्याच वेळी प्यायली असतीस तर ही वेळ आली नसती. गेत्सल सगळ्यांना हो म्हणाला.

आणि पडदा बाजूला झाला. त्सिपा भिंतीला धरून उभी होती. तिनं गेत्सलच्या हातातून बाळ घेतलं, छातीशी धरलं, आणि म्हणाली, "माझं बदला."

"काय?"

"आजोबांचं बदलत नाही. बाळाचं मी बदलू देत नाही. आजोबांच्या आईचं बदलता येत नाही. राहिलं माझं. हा दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा होईल, म्हणजे माझाच, पण दूताच्या कागदावरचा नाही."

रब्बींनी दाढी खाजवली. "ग्रंथांत याला मनाई नाही," ते म्हणाले. "कारण हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही."

त्सिपाला वाटलं होतं, कुणीतरी थांबवील. निदान 'अरेरे' म्हणेल. निदान गेत्सल. पण खोलीतून एकच मोठा सुटकेचा निश्वास निघाला, सगळ्यांचा मिळून, आणि हेरिंगची ताटली पुन्हा फिरायला लागली.

"हे फारच सोयीचं आहे," आजोबा म्हणाले. "गुणाची आहे पोर. कोण ही?"

"आम्हाला काही फरक पडणार नाही," स्लोव्हानं कबूल केलं. "आम्ही तिला 'अगं ए' म्हणतो."

"आणि मी 'ऐकलंस का'," गेत्सल उत्साहानं म्हणाला.

"तर मग आजोबा जेरुसलेमला गेले होते, मजेत होते आणि परत आले," ब्रायना म्हणाली, कारण पुढचं भांडण खोलीवरून होणार होतं आणि त्यासाठी तिला सगळ्यांची गरज पडणार होती. "सुतक वगैरे कुणी पाळलं नाही. काय?"

कुणी पाळलं नाही, असं ठरलं.

नवं नाव निवडायला रब्बींनी रीतीप्रमाणे धर्मग्रंथ मिटल्या डोळ्यांनी उघडला आणि बोट टेकवलं. बोट बाशानचा राजा ओग याच्यावर पडलं.

"चालेल," स्लोव्हा म्हणाली.

"हा राक्षस होता, आणि पुरुष होता," रब्बी म्हणाले, आणि पुन्हा उघडून त्यांनी बोट टेकवलं. या खेपेला हुल्दा आली. संदेष्टी होती. गावात हे नाव कुणाचंच नव्हतं, आणि ऐकल्यावर सगळ्यांना ते का नव्हतं हे कळलं.

"उभी राहा," रब्बी म्हणाले. "नाव बदलायचा मजकूर वाचतो. तुला आधी काही म्हणायचं आहे का, मुली? आत्ता म्हण, नंतर तू म्हटलेलं दुसऱ्या बाईचं धरलं जाईल."

त्सिपानं बाळाच्या टोपीची नाडी सारखी केली. जिल्ह्याच्या कचेरीत ब्रशवाल्यांचे अर्ज मोठ्यानं वाचून दाखवतात, तसा सूर तिनं लावला. एक शब्दही न अडखळता ती म्हणाली:

"स्वर्गातल्या मेहेरबान न्यायालयास विनंती. अर्जदार बाई, राहणार स्मोरोव्हित्स, पडद्यामागं, हिचं त्सिपा हे नाव मुलाच्या संरक्षणार्थ आज जमा करून घेण्यात येत आहे. सदर नाव सासरी कुणीही न वापरल्यामुळे जवळजवळ नव्यासारखं आहे, याची नोंद व्हावी. फाइविश आजोबा वारल्याचं ऐकीव बातमीवरून नव्हे, तर समक्ष खात्री करून निश्चित होताच, ते अर्जदारास विनाविलंब परत मिळावं. तोपर्यंत ते दुसऱ्या कुणाही मुलीस देण्यात येऊ नये. आणि परत देतेवेळी या घरातल्या प्रत्येक माणसास असा हुकूम व्हावा, की त्यानं अर्जदारास त्या नावानं, जवळ येऊन, पुढं कोणतंही काम न सांगता, एकदा हाक मारावी."